चित्र न काढणाऱ्या माणसाचं प्रदर्शन कसं मांडायचं

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या वाचनालयाकडे एका रिटायर ड्रॉइंग मास्तरांचा सगळा पसारा त्यांच्या घरच्यांनी आणून दिला. गुरुजी चित्रकार म्हणून काही नावाजलेले नव्हते, पण नागपूरच्या पेपरांत वर्षानुवर्षं चित्रांवर लिहायचे अन् जे दिसलं ते गोळा करायचे. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टरं, देवादिकांची जुनी छापील चित्रं, कात्रणांच्या वह्या. आता कमिटीतले अर्धे लोक म्हणून राहिले की प्रदर्शन करू, अन् बाकीचे विचारून राहिले की ज्या माणसानं स्वतः काही काढलंच नाही त्याचं प्रदर्शन कायले, लोकं पाहतील काय त्यात, अन् मोठ्या म्युझियममध्ये तरी असं कोणी करते का.

करते ना. तीन-तीन म्युझियम मिळून करते. फेलिक्स फेनेऑं नावाचा एक फ्रेंच माणूस होता, जन्म १८६१ चा, गेला १९४४ मध्ये. त्याच्यावर २०१९ मध्ये पॅरिसला आधी आफ्रिका, आशिया अन् बेटांवरच्या कला ठेवणाऱ्या के ब्रान्ली म्युझियममध्ये अन् मग ऑरांजरी म्युझियममध्ये प्रदर्शन झालं, अन् २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, ज्याले सगळे मोमा म्हणतात. न्यूयॉर्कचं मार्चमध्ये उघडायचं होतं पण कोरोनात म्युझियमच बंद झालं, मग ऑगस्टच्या शेवटी उघडलं अन् जानेवारी २०२१ लागेपर्यंत चाललं. मी काही तिकडे गेलो नाही, पण आपला धंदाच मांडणीचा असल्यानं भिंतींचे फोटो, लेबलं, काय कशाच्या बाजूला लावलं हे सगळं बारीक पाहिलं, अन् तेव्हापासून इकडे कोणाचं काही मांडायचं असलं की ते डोक्यात राहते.

हा फेनेऑं होता कोण, तर कारकून. फ्रान्सच्या युद्धखात्यात १८८१ पासून १८९४ पर्यंत नोकरी केली, दिवसा सरकारी फायली अन् रात्री छोट्या छोट्या मासिकांसाठी लिखाण, त्यातही बऱ्याच लिखाणाखाली नाव नाही. १८८४ मध्ये पॅरिसच्या मोठ्या मानाच्या प्रदर्शनानं जॉर्ज स्यूरा नावाच्या तरुण चित्रकाराचं नदीकाठच्या आंघोळीचं एक भलंमोठं चित्र नाकारलं. ते मग नाकारलेल्या अन् नव्या लोकांनी काढलेल्या वेगळ्या प्रदर्शनात लागलं, तेही पिण्याच्या काउंटरजवळ, जिथे कोणी धड पाहत नाही. फेनेऑंनं ते पाहिलं. मोठं काम आहे हे त्याला कळलं, पण तेव्हा त्यानं त्याच्यावर एक ओळसुद्धा लिहिली नाही, हे त्यानंच नंतर सांगितलं. दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, स्यूराचं ग्रांद जात बेटावरचं रविवारच्या दुपारचं चित्र आलं अन् लोकं हसले. तेव्हा हा माणूस लिहायला बसला, की बाबांनो हा रंग पॅलेटवर कालवत नाही, शुद्ध रंगाचे ठिपके एकाला एक लावून ठेवतो अन् मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यात होते. त्याच वर्षी त्यानं स्यूरा अन् त्याच्यासारख्या चित्रकारांना निओ-इम्प्रेशनिस्ट हे नाव दिलं, आज जगभरच्या पुस्तकांत तेच चालते. ते आंघोळीचं चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे अन् रविवारचं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये.

म्हणजे त्याचं काम काय, तर आधी पाहणं. आपल्या बैलबाजारात एखादा म्हातारा राहते पाहा, बैलाच्या तोंडाला हात न लावता नुसत्या चालीवरून सांगते हा ओढीचा आहे का नाही, बैल त्याचा नाही, विकतही घेत नाही, पण लोकं त्याच्या तोंडाकडे पाहून पैसे काढतात. समीक्षकाचं प्रदर्शन म्हणजे त्या म्हाताऱ्याचं प्रदर्शन. बैलही दाखवावा लागते अन् तो काय बोलला तेही, अन् मुख्य म्हणजे कधी बोलला. बाजार उठल्यावर कोणीही सांगते.

तर तुमच्या कमिटीला पहिलं हे सांगा, की भिंतीवर लागणारी प्रत्येक वस्तू गुरुजींच्या एखाद्या वाक्याच्या शेजारी लागली पाहिजे अन् त्या वाक्याखाली तारीख पाहिजे. नाही तर ते भांडार होते. मी आपल्या इकडची अशी कित्येक प्रदर्शनं पाहिली, दारात हार घातलेला मोठा फोटो, मग सत्काराच्या शाली, ट्रॉफ्या, चष्मा, पेन, वापरलेली खुर्ची, तिच्यापुढे दोरी. लोकं चपला काढून आत जातात, हात जोडतात अन् दोन मिनिटात बाहेर. गुरुजींबद्दल आदर आहे ते ठीक, पण त्यांना काय दिसत होतं हे कोणालाच कळत नाही. खुर्ची ठेवायचीच असेल तर हॉलच्या मधात ठेवा अन् लोकांना बसू द्या तिच्यावर.

फोटोचंही सांगतो. मोमाकडे फेनेऑंचं एक जगप्रसिद्ध पोर्ट्रेट आहे, चित्रकार पॉल सिन्याकनं १८९० मध्ये केलेलं, बाजूनं दिसणारा चेहरा, एका हातात उंच टोपी अन् काठी, दुसऱ्या हातात एक फूल, अन् मागे सगळं रंगीत चक्र गरगर फिरून राहिलं. नावही एवढं लांब आहे की लेबलावर मावत नाही. वालोतॉं या चित्रकाराचं १८९६ चं वेगळंच आहे, ला रेव्ह्यू ब्लांश मासिकाच्या ऑफिसात दिव्याखाली वाकून हस्तलिखितं तपासणारा संपादक. अन् पोलिसांचा एक फोटो आहे १८९४ चा, आरोपी म्हणून काढलेला. एकच माणूस, तीन नजरांतून. गुरुजींच्या हाताखालून एवढी पोरं गेली, त्यातल्या कोणीतरी शेवटच्या बाकावर बसून त्यांचं स्केच नक्कीच काढलं असेल, नाही तर व्यंगचित्र. ते शोधा. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, दोन दिवसात येईल काहीतरी. तो पासपोर्ट फोटो मोठा करून लावण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

पोलिसांचा फोटो कसा आला हे तुम्ही विचाराल. फेनेऑं अराजकवादी होता, सरकार नावाची गोष्टच नको म्हणणारा, अन् नोकरी युद्धखात्यात. ४ एप्रिल १८९४ ला पॅरिसच्या फॉयो रेस्टॉरंटमध्ये बॉम्ब फुटला, त्यात लोराँ तायाद नावाच्या कवीचा डोळा गेला, अन् गंमत कसली, दुर्दैव म्हणा, की हा तायाद आधी अशा बॉम्बवाल्यांचं कौतुक करून बसलेला अन् फेनेऑंचाच दोस्त. फेनेऑंच्या ऑफिसात डिटोनेटर, म्हणजे बॉम्ब उडवायच्या नळ्या, सापडले. ऑगस्टमध्ये तीस जणांवर एकत्र खटला चालला. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही एका अराजकवाद्याशी दिव्याच्या खांबामागे बोलताना दिसलात. हा म्हणतो, साहेब, खांबाची मागची बाजू कोणती ते सांगता का? असाच बोलत राहिला, कोर्टात हशा, अन् शेवटी निर्दोष सुटला. कवी मालार्मे त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला आला होता. पुढे त्याचं चरित्र लिहिणाऱ्या जोन हॅल्परिन यांनी मात्र बॉम्ब त्यानंच ठेवला असं मांडलं.

माझं मत विचाराल तर असल्या प्रदर्शनांत हा भाग जरा जास्तच चवीनं सांगितला जाते, खांबाचा किस्सा सगळे सांगतात अन् तायादच्या डोळ्यापाशी कोणी थांबत नाही. पण झाकला तरी नाही, नावातच अनार्किस्ट शब्द टाकला मोमानं. तुमच्या गुरुजींनी बॉम्ब काही ठेवला नसेल, पण वीस-पंचवीस वर्षं पेपरात लिहिणारा माणूस कोणाला न दुखावता राहिला असेल हे शक्य नाही. गावातल्या कोण्या मूर्तिकाराला, कोण्या साईनबोर्ड पेंटरला झोडपलं असेल. कमिटी म्हणेल ते कात्रण नको, त्यांची पोरं आता सरपंच आहेत, वगैरे. लावा म्हणा. अन् ज्याला झोडपलं त्याचं काम मिळालं तर तेही बाजूला लावा, पाहणारा स्वतः ठरवेल गुरुजी बरोबर होते का नाही. माझ्या हिशोबानं सगळ्यात जास्त वेळ लोकं तिथेच थांबतील.

कात्रणांच्या वह्या म्हणता ना, त्याच या पसाऱ्यातली सगळ्यात किमती गोष्ट आहे, नंद्यांपेक्षाही. फेनेऑंनं १९०६ मध्ये ल मातॅं या दैनिकात तीन-तीन ओळींच्या बातम्या लिहिल्या, अपघात, खून, संप, आत्महत्या, सगळं तीन ओळीत, हजाराच्या वर बातम्या अन् कुठेच नाव नाही. त्याच्या एका मैत्रिणीनं त्या कापून वहीत चिकटवून ठेवल्या म्हणून आज आपल्याला माहीत, नाही तर रद्दीत गेल्या असत्या. त्याला विचारलं तर तो म्हणायचा मला फक्त शांतता पाहिजे, पुस्तक वगैरे काढायच्या भानगडीत पडला नाही. असल्या माणसाचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी डिंकावर टिकते. तर वह्या फाडून कात्रणं सुटी करू नका, फ्रेममध्ये छान दिसतात म्हणून लोकं करतात. वहीचा क्रम हाच पुरावा आहे. पानं उघडी ठेवून फोटो काढा, त्याचे मोठे प्रिंट भिंतीवर, अन् मूळ वही काचेखाली एका पानावर उघडून, तेही दर आठवड्याला पान बदलून.

आता नंदी. कमिटीतल्या कोणीतरी तुम्हाला म्हटलं ना की पोरांची खेळणी म्युझियममध्ये काय ठेवता. हाच प्रश्न फेनेऑंनं शंभर वर्षांआधी छापला होता, उलट्या बाजूनं. तो १९०६ पासून १९२४ पर्यंत बर्नहाइम-ज्यून या मोठ्या गॅलरीत होता, १९०९ मध्ये चित्रकार मातीसचा करार तिथलाच, १९१२ चं इटलीच्या फ्युचरिस्ट चित्रकारांचं पॅरिसमधलं पहिलं प्रदर्शनही तिथलंच, ते जाऊ द्या. पण घरी तो आफ्रिकेतले अन् प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लाकडी पुतळे, मुखवटे जमवत होता, भिंतीवर स्यूरा अन् शेजारी ते. अन् १९२० मध्ये त्यानं गॅलरीच्या पत्रिकेतून कलाकार, अभ्यासक, प्रवासी, डीलर अशा बऱ्याच जणांना सरळ विचारलं की दूरदेशीच्या या कला लूव्हरमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सगळ्यात मोठ्या म्युझियममध्ये, घेतील का? कोणी हो म्हटलं, कोणी हसण्यावारी नेलं. लूव्हरनं या कलांचं दालन उघडलं ते २००० मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी. त्याच्या त्या संग्रहामुळेच के ब्रान्लीसारख्या म्युझियमला तो आपला वाटला. एक गोष्ट मात्र तिथे नीट दाखवावी लागते, की त्या वस्तू फ्रान्सची वसाहत असलेल्या मुलखांतून पॅरिसच्या बाजारात पोचल्या, अन् हा वसाहतींच्या विरोधात लिहिणारा माणूस त्याच बाजारातून विकत घेत होता. दोन्ही खरं.

तुम्ही तसंच करा. लाकडी नंद्यांचा एक ओटा करा अन् वर मोठ्या अक्षरात गुरुजींचं नाव नाही, तुमचाच प्रश्न लिहा, हे म्युझियममध्ये ठेवायचं का? खाली एक रजिस्टर अन् पेन. सुतार, शाळेतली पोरं, तहसीलदार, ज्यांच्या घरी असा नंदी आहे त्या आज्या, सगळ्यांना लिहू द्या. अन् प्रत्येक नंदी कोण्या घरचा, कोणी कोरला, गुरुजींना तो मिळाला कसा, विकत का मागून का तसाच पडलेला उचलला, जेवढं कळते तेवढं लेबलवर टाका. सुताराचं नाव सापडलं तर ते गुरुजींच्या नावाएवढ्याच अक्षरात. अन् देवाशपथ कोणी त्यांना नवीन ऑइलपेंट मारू नका. तान्ह्या पोळ्याला दरवर्षी घरी रंगवतात, त्यामुळे जुन्या नंदीवर रंगाचे थरावर थर राहतात, शिंगाजवळ कुठे पोपडा निघाला असेल तिथे खालचा हिरवा, त्याखालचा पिवळा दिसते. ते थर म्हणजे त्या घराची वर्षं आहेत.

कमिटीतल्या कोणाला वाटेल की हे सगळं फ्रान्सचं, आपला काय संबंध. तर आपला संबंध फार जवळचा आहे. रुडी फॉन लायडन नावाचा जर्मन माणूस १९३३ मध्ये मुंबईला आला, शिकला भूगर्भशास्त्र, नोकरी कंपनीत, अन् टाइम्स ऑफ इंडियात चित्रांवर लिहायचा. १९४७ मध्ये मुंबईत तरुण कलाकारांचा जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला, सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे अन् गाडे, त्या पोरांच्या मागे तो, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर अन् संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर उभे राहिले, लिहून, शिकवून, विकत घेऊन. यातले रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. अन् गाडे म्हणजे हरी अंबादास गाडे, जन्म १९१७, गाव तळेगाव दशासर, अमरावती जिल्हा. आपल्याकडे तळेगाव म्हटलं की शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आठवते, गाडे कोणाला आठवत नाहीत, अन् आधुनिक भारतीय चित्रकलेच्या कोण्याही जाड पुस्तकात त्यांचं नाव आहे. चित्रकार गायतोंडेंचा जन्मही नागपूरचाच, १९२४ चा. आता या लायडननं स्वतः गोळा काय केलं? गंजिफा. खेळायचे गोल पत्ते, आपल्या सावंतवाडीला अजून बनतात तसले. त्यावर त्यानं लिहिलेला कॅटलॉग १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी निघाला. एका हातानं सगळ्यात नवीन चित्राची बाजू घेणारा अन् दुसऱ्या हातानं कोणी न विचारणारी जुनी हातकारागिरी उचलणारा, असे हे लोक राहतातच, फेनेऑं तसा, लायडन तसा, तुमचे गुरुजीही तसेच दिसतात. त्यांच्या वह्यांत गाडे-रझांवर काही आहे का ते पहिले पाहा. असेल तर ती तुमची मधली भिंत.

बाकी कामाच्या गोष्टी पटकन सांगतो. कागदावर उजेड ५० लक्सच्या वर नको, मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप येते, अगदी बरोबर नसलं तरी अंदाज येतो. आपल्या उन्हाळ्यात थेट ऊन लाखभर लक्सच्या घरात राहते, म्हणजे दक्षिणेकडच्या अन् पश्चिमेकडच्या खिडक्या जाड कापडानं बंद. एलईडी लावा, हॅलोजन नाही. जुना पेपर आधीच पिवळा पडते कारण त्याच्या लगद्यातलं लिग्निन उजेडात अन् हवेत खराब होते, त्यात ऊन लागलं की महिन्याभरात तांबडा. लॅमिनेशन करू नका, हे तीनदा वाचा. गरम प्लास्टिक कागदात शिरलं की परत निघत नाही. सेलोटेप नाही, फेविकॉल नाही, कागदाचेच कोपरे करून त्यात अडकवा. झाडीपट्टीची पोस्टरं घडी घातलेली असतील तर जोर लावून सरळ करू नका, घडीवरच फाटतात, दोन साध्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वरून हलकं सपाट वजन ठेवा अन् वाट पाहा. नंदीखाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर आत कीड आहे, तो नंदी त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. रॉकेल, डिझेल वगैरे घरगुती उपाय नको.

एक कायद्याचं. गुरुजींच्या पसाऱ्यात दगडाची जुनी मूर्ती किंवा पोथी असली तर जपून. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांच्या वरची वस्तू पुरावशेष धरतात, महत्त्वाची हस्तलिखितं पंचाहत्तर वर्षांच्या वरची, अन् ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. असं काही निघालं तर आधी पुरातत्त्व खात्याला कळवा, नंतर काचेत ठेवा. अन् घरच्यांकडून वस्तू दिल्याचा एक साधा कागद, यादीसकट, सह्या करून घ्या, दान का फक्त प्रदर्शनापुरतं उसनं, हे त्यात स्पष्ट पाहिजे. फेनेऑंचा संग्रह शेवटी लिलावात विखुरला, काही त्याच्या डोळ्यांदेखत १९४१ मध्ये, बाकीचा मेल्यावर, अन् त्या पैशातून तरुण लेखक-कलाकारांसाठी पुरस्कार निघाला. म्हणून त्याची प्रदर्शनं मांडताना वस्तू कुठून कुठून मागवाव्या लागल्या असतील विचार करा. तुमचं सगळं एका खोलीत आहे, अजून.

तारखेचं म्हणाल तर तान्ह्या पोळ्याला उघडायचा मोह होईल, पोरं नंदी घेऊन निघालेलीच राहतात. पण तो भर पावसाळा, हवेत ओल, वह्या अन् पोस्टरं त्या दिवसात बाहेर काढायची नाहीत. त्या दिवशी नुसते नंदी अन् ते रजिस्टर वाचनालयाच्या ओसरीत मांडा, एकच दिवस. लोकांनी त्यात काय लिहिलं ते घेऊन मोठं प्रदर्शन दिवाळीनंतर करा, मंडया, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू होतात, झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागते, पोस्टरं पाहायला त्याच वेळी माणूस येईल. कापूस वेचणीमुळे दिवसा गर्दी कमी राहील, म्हणून संध्याकाळी नऊपर्यंत उघडं ठेवा अन् इन्व्हर्टरची सोय पाहा. तोवर वह्यांचे फोटो काढून घ्या, अन् हॉलची लांबी-रुंदी, खिडक्या किती अन् कोण्या दिशेला, छत टिनाचं का स्लॅबचं, एवढं कळवा, मग कोणत्या भिंतीवर काय लावायचं ते सांगतो.